मंगळवारची पुडी

डीननी डॉ. सुजय मुंगीला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की सोमवारपासून तुमच्या ओपीडीत एक बाई बसतील. नाव अस्मिता तगारे. इंदूरजवळच्या राऊच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. लोक औषध का घेतात, मधेच का सोडतात, डॉक्टरपासून काय लपवतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय.

"मेडिकल अँथ्रपॉलॉजी," डीन म्हणाले. "आपके उन नौ केसेस में शायद काम आए."

सुजयनं मान हलवली, पण त्याला ते आवडलं नाही. नऊ केसेस त्याच्या होत्या, त्यानंच त्या ओळखल्या होत्या.

गेल्या पाच महिन्यांत सांवेर रोडच्या कारखान्यांतून आणि पोलोग्राउंडच्या वर्कशॉपांतून एकसारखे दिसणारे नऊ पेशंट त्याच्या वॉर्डात आले होते. सगळे पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे. चेहरा गोल, सुजल्यासारखा, लालसर. हातपाय मात्र काटकुळे. जरा कुठे धक्का लागला की कातडीवर जांभळा डाग. आणि मग एक दिवस उलट्या, चक्कर, बीपी मोजता येत नाही अशा अवस्थेत घरचे रिक्षात घालून आणायचे. हे स्टेरॉइडचं काम आहे, हे सुजयला पहिल्या केसलाच कळलं होतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. मग बाहेरचं एकाएकी बंद झालं की माणूस कोसळतो. नऊपैकी सात वाचले, दोन गेले. पण स्टेरॉइड येत कुठून होतं? प्रत्येकाला त्यानं विचारलं होतं, "कोई दवाई लेते हो? देसी, जड़ी-बूटी, कुछ भी?" आणि प्रत्येकानं सांगितलं होतं, "नहीं साब."

नऊच्या नऊ माणसं खोटं बोलत होती. आणि ते खोटं पकडायला आता एक मास्तरीण येणार होती.

अस्मिता तगारे सोमवारी बरोबर नऊला आली. चाळिशीची, खांद्याला कापडी पिशवी, केसांचा घट्ट अंबाडा.

"सर, मी इथे कोपऱ्यात बसते. मधेमधे नाही करणार."

सुजयनं दाराजवळचं स्टूल दाखवलं. ती बसली आणि वही काढली. पहिल्या तासाभरातच त्याच्या लक्षात आलं, की पेशंट बोलत असताना ती नुसती ऐकते आणि तो बोलायला लागला की लिहिते.

गुडघेदुखीच्या पेशंटना तो नेहमी स्वतःच्या आईचं उदाहरण द्यायचा. "मेरी माँ अड़सठ की हैं. गोली नहीं, पुड़िया नहीं. वजन कम किया, कसरत की, आज दो-दो मंजिल चढ़ती हैं." त्या दिवशी हे सांगताना त्यानं दाराकडे बघितलं. अस्मिताचं पेन भरभर चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी ती चहाला बाहेर गेली आणि वही स्टुलावर राहिली. सुजयनं उठून दार लोटलं आणि वही उघडली. बारीक, सरळ अक्षर होतं. "डॉ. मुं. औषधांबद्दल विचारताना कागदाकडे बघतात. पेशंट बायकोकडे बघतो. बायको डोळ्यांनी नको म्हणते. पेशंट म्हणतो, नहीं साब. एकूण वेळ चार सेकंद."

ती परत आली तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता.

"मॅडम, तुम्ही नक्की कुणाचा अभ्यास करताय? पेशंटचा, की माझा?"

अस्मितानं वहीकडे बघितलं. वही जागची हलली आहे हे तिला कळलं असावं. "इथे जे बोलणं होतं ना सर, त्याचा. त्यात तुम्हीपण आलात."

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"फॉर्ममध्ये लिहिलंय. तुमची सही आहे त्यावर."

सुजयला सही आठवत होती. वाचल्याचं आठवत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ती ओपीडीत कमी आणि बाहेर जास्त दिसू लागली. वाचलेल्या सातांपैकी एकाच्या, मोहनच्या घरी ती गेली असं वॉर्डातल्या सिस्टरनी सांगितलं. मोहन पोलोग्राउंडला लेथ मशीन चालवायचा. तिथे जाऊन ती दिवसभर वर्कशॉपच्या दारात बसते, कामगारांच्या बायकांबरोबर भाजी निवडते, असंही कुणीतरी म्हणालं. सुजयला हसू आलं.

शुक्रवारी ती त्याच्या केबिनमध्ये आली आणि तिनं टेबलावर कॅलेंडरच्या कागदाची एक छोटी पुडी ठेवली.

"ही आहे सर. गुडघे, कंबर, पाठ, सगळ्यावर एकच. दर मंगळवारी मिळते, आठवड्याच्या सात. खाल्ली की दुसऱ्या दिवशी माणूस उभा राहून पूर्ण शिफ्ट काढतो."

सुजयनं पुडी उघडली. मातकट रंगाची भुकटी, सुंठीचा वास. "कोण देतं?"

"ते नाही सांगू शकत."

"मतलब?"

"ज्यांनी मला सांगितलं त्यांना मी शब्द दिलाय. कुणाचं नाव बाहेर जाणार नाही. त्यांची नोकरी आहे सर, मालकाला कळलं की आजारी आहे, तर दुसऱ्या दिवशी घरी."

"दोन माणसं मेलीत, मॅडम."

"माहीत आहे."

"आणि तुम्ही त्या पुडीवाल्याला वाचवताय."

अस्मितानं पिशवी खांद्याला लावली आणि ती निघाली. ती गेल्यावर सुजय बराच वेळ त्या पुडीकडे बघत बसला. एक मास्तरीण पंधरा दिवसांत ही आणते आणि नाव मात्र सांगत नाही. तिचं त्या माणसाशी काय लागतं?

पुडी त्यानं एका फार्मसी कॉलेजच्या लॅबमध्ये पाठवली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. सुंठ, आणि भरपूर डेक्सामेथासोन. म्हणजे स्टेरॉइडच. सुजयनं अस्मिताला बोलावून रिपोर्ट समोर ठेवला.

"मी ड्रग इन्स्पेक्टरना फोन करतोय. पोलोग्राउंड एवढं सांगितलं तरी ते शोधतील."

"करा सर. फक्त एक सांगा. सोमवारी धाड पडली आणि मंगळवारी कुणालाच पुडी मिळाली नाही, तर काय होईल?"

सुजयचं बोट फोनवर थांबलं. काय होईल हे इंदूरमध्ये त्याच्याइतकं चांगलं फार थोड्यांना माहीत असेल.

"किती लोक घेतात?" त्यानं विचारलं.

"माझ्या हिशेबानं एकशे साठच्या वर."

त्यानं फोन खाली ठेवला.

"अजून एक आहे," अस्मिता म्हणाली. "त्या पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या बाई. नववी केस. गेल्या त्या. मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांची मुलगी खुशी भेटली. आई वारायच्या पाच दिवस आधी तुमच्या ओपीडीत आली होती, शुगर दाखवायला. तुम्ही विचारलं, त्या नाही म्हणाल्या. पण चिठ्ठीवर शिक्का होता."

शिक्का सुजयनंच बनवून घेतला होता, गेल्या वर्षी. निळ्या शाईत, ठसठशीत. "देसी दवा तुरंत बंद करें." प्रत्येक चिठ्ठीवर कंपाउंडर तो मारायचा.

"खुशीनं आईला वाचून दाखवलं," अस्मिता म्हणाली. "आईनं घरी जाऊन सगळ्या पुड्या नालीत टाकल्या. घाबरली होती ना. तुमचं ऐकलं तिनं."

सुजयनं लॅबचा रिपोर्ट पालथा ठेवला.

"हे तुम्ही रिपोर्टमध्ये लिहिणार?"

"लिहावं लागेल. तुमचं नाव नसेल."

"ओपीडी एकच आहे, मॅडम."

ती गेली. सुजयनं त्याच दिवशी तो शिक्का ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. कंपाउंडरनं विचारलं तेव्हा म्हणाला, शाई संपली आहे. त्या बाईचा चेहरा त्याला आठवेना आणि तेच जास्त टोचत होतं. आणि दुसरीकडे मनात हेही येत होतं, की ही तगारे बाई आता आपल्याविरुद्ध कागद घेऊन फिरते आहे. पुडीवाल्याचं नाव झाकते, माझं मात्र उघडं पाडते.

पुढच्या गुरुवारी तो दुपारीच घरी निघाला. आईच्या पित्ताशयात खडे होते. येत्या बुधवारी ऑपरेशन ठरलं होतं, दुसऱ्या हॉस्पिटलात, त्याच्या मित्राकडे. त्याचे रिपोर्ट घ्यायचे होते. लोकमान्य नगरच्या त्याच्या बिल्डिंगच्या गेटमधून अस्मिता तगारे बाहेर येत होती.

गाडी थांबवून त्यानं काच खाली केली. "मॅडम, इथे?"

ती दचकली. "शालिनीताईंना भेटायला आले होते."

"माझ्या आईला? कशासाठी?"

"ते त्यांनाच विचारा, सर," ती म्हणाली आणि स्कूटीला चावी लावली.

सुजय जिना चढला. शालिनीताई सोफ्यावर बसल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी मराठी शाळेत शिकवलं होतं, शेवटची सहा वर्षं हेडमास्तरीण होत्या. समोर दोन कप होते, एकातला चहा तसाच होता.

"ती बाई का आली होती?"

"अस्मिता? अरे, माझी विद्यार्थिनी ती. सातवीत होती माझ्याकडे. सहज आली."

"माझ्याबद्दल काय विचारत होती?"

"तुझ्याबद्दल कशाला विचारेल?" आई घाईनं म्हणाली आणि कप उचलून स्वयंपाकघरात गेली.

आई खोटं बोलते आहे हे त्याला कळलं. त्यानं त्याचा अर्थही लावून टाकला. अस्मिता आता घरून माहिती काढत होती. डॉक्टर माणूस म्हणून कसा आहे, घरी कसा वागतो, लहानपणी कसा होता. संध्याकाळी त्यानं कॉलेजच्या एथिक्स कमिटीला पत्र लिहायला घेतलं. श्रीमती तगारे अभ्यासाच्या कक्षेबाहेर जाऊन माझ्या कुटुंबीयांशी संपर्क साधत आहेत, तरी त्यांची परवानगी रद्द करावी. त्याची बायको सुरभी बँकेतून आली, तिनं पत्र वाचलं.

"आईंना विचारलंस नीट?"

"विचारलं. टाळते आहे."

"आई टाळणाऱ्यांतल्या नाहीत," सुरभी म्हणाली. "उलट हल्ली किती छान असतात. चेहऱ्यावर कसलं तेज आलंय."

सोमवारी सकाळी पत्र त्याच्या बॅगेतच होतं, तेव्हा अस्मिता केबिनच्या दारात उभी राहिली. तिचे डोळे जागल्यासारखे दिसत होते.

"मी कमिटीला पत्र लिहिलंय," सुजय म्हणाला. "तुम्हाला कळावं म्हणून सांगतो."

"पाठवा सर, माझी हरकत नाही. पण आधी माझं एक ऐका." ती बसली नाही. "ऑपरेशनच्या आधी विचारतात ना, कुठली औषधं चालू आहेत. लोक नाही म्हणतात. असा पुडीवाला पेशंट टेबलावर गेला तर?"

"बीपी पडतं. नेहमीच्या औषधांनी उठत नाही. आधी माहीत असलं तर स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन सांभाळता येतं."

"आणि माहीत नसलं तर?"

सुजयनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"पुडी फक्त कारखान्यातले लोक घेतात, असं मी कधी म्हटलं नव्हतं सर. ते तुम्ही धरून चाललात. मंगळवारी तिथे रिटायर्ड लोकपण येतात. चांगल्या घरचे, शिकलेले." तिनं मागचं दार लोटलं. "मी त्यांची मिनतवारी केली. स्वतः सांगा म्हणून. नाही म्हणतात. यापुढे मला बोलता येणार नाही. एवढंसुद्धा बोलायला नको होतं."

ती वळून निघून गेली.

पहिल्यांदा सुजयला वाटलं, ही धमकी आहे. पत्र पाठवू नका म्हणून रचलेलं काहीतरी. त्यानं पुढच्या पेशंटला आत बोलावलं. म्हातारी होती, गुडघे धरून बसली. सवयीनं तो म्हणायला लागला, "मेरी माँ अड़सठ की हैं..." आणि वाक्य तिथेच थांबलं.

दोन-दोन मजले चढते. चेहऱ्यावर तेज आलंय.

ओपीडी ज्युनियरवर सोडून तो घरी आला. आई खालच्या मजल्यावर बायकांच्या भिशीला गेली होती. त्यानं तिच्या खोलीचं दार लावलं आणि कपाट उघडलं. साड्यांच्या घड्यांखाली हात घातला, शालींच्या पिशव्या झटकल्या, औषधांचा डबा ओतून बघितला. काही नव्हतं. तो गादी उचलत होता, तेव्हा मागे दार उघडलं.

"काय शोधतोयस?"

"तुझी फाइल. सोनोग्राफीची."

"ती तर तुझ्या बॅगेत आहे."

शालिनीताई दाराला हात लावून उभ्या होत्या. बांगडीच्या वर, मनगटाजवळ, एक जांभळा डाग होता. थोडा वर दुसरा, पिवळा पडत चाललेला. गाल भरलेले, हनुवटी गोल, आणि ब्लाऊजच्या बाहीतून निघालेला हात काठीसारखा. असा चेहरा आणि असा हात त्यानं नऊ वेळा बघितला होता. रोज सकाळी ज्या बाईच्या समोर बसून तो चहा प्यायचा, तिच्याकडे मात्र त्यानं दोन वर्षांत बघितलंच नव्हतं.

त्याच्या तोंडावर रागाचे शब्द आले. आई, तू शिकलेली, तू शिक्षिका. त्यानं ते गिळले. नालीत पुड्या टाकणारी बाई त्याला आठवली. तो पलंगावर बसला आणि आईला शेजारी बसायला सांगितलं. घेतेस का, असं विचारलं तर ती नाही म्हणेल, हे आता त्याला ठाऊक होतं.

"आई, गेल्या मंगळवारी आणलेल्यांतल्या किती राहिल्यात?"

पदर सावरत ती म्हणाली, "एक." आणि थोड्या वेळानं, "उद्या आणायच्या होत्या."

"कधीपासून?"

"दिवाळीला दोन वर्षं होतील."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की." तिनं प्रथमच त्याच्याकडे बघितलं. "गुडघे दुखतात म्हणून सांगितलं होतं. तू म्हणालास वजन कमी कर. पुन्हा सांगितलं, तू फोनवर होतास. तिसऱ्यांदा सांगितलं तर म्हणालास, आई, या वयात दुखणारच. चौथ्यांदा नाही सांगितलं. तो उदयसिंह आहे ना, तो विचारतो. मुंगी मॅडम, जिना उतरताना जास्त दुखतं की चढताना? झोपेत कूस बदलता येते का?"

सुजयनं तिचं मनगट हातात घेऊन डाग बघितला.

"तिनं सांगितलं ना तुला? अस्मितानं?"

"नाही."

"मला बनवू नकोस."

"तिनं नाव नाही घेतलं, आई."

"म्हणजे सांगितलंच," शालिनीताई म्हणाल्या.

त्यानं तिथूनच मित्राला फोन लावला. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे करायचं, भूलतज्ज्ञांना आधी कल्पना द्यायची, इंजेक्शनं चालू ठेवायची, असं ठरलं. उरलेली पुडी बंद करून आईला मोजून गोळ्या सुरू केल्या. पत्र बॅगेतून काढून त्यानं फाडलं.

उदयसिंहचं नाव आणि जागा आता आईनंच सांगितली होती. मंगळवारी सुजयनं अस्मिताला फोन केला. "मी पोलोग्राउंडला जातोय. तुम्ही आलात तर बरं होईल."

"इन्स्पेक्टर बरोबर आहेत?"

"नाहीत."

"नक्की?"

"नक्की."

तरीही ती आली तेव्हा तिनं आधी त्याच्या गाडीत डोकावून बघितलं.

एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या ओसरीत तीस-चाळीस माणसं रांगेत उभी होती. सुजयला बघताच रांग थिजली. दोघांनी गमछा तोंडावर ओढला. मोहन त्याच रांगेत होता. वॉर्डातून घरी गेल्यावर गोळ्या संपल्या, कंबर पुन्हा धरली, तो परत आला होता. त्यानं अस्मिताकडे असं बघितलं की तिनं मान खाली घातली. "भिया, मैंने नहीं बुलाया इनको," ती म्हणाली. मोहनचा विश्वास बसलेला दिसला नाही.

उदयसिंह बाकावर बसला होता. मिलमधून रिटायर झालेला, सत्तरीचा, पांढरा शर्ट, समोर पुड्यांचा स्टीलचा डबा. सुजयनं लॅबचा रिपोर्ट त्याच्या हातात दिला आणि काय मिसळलं आहे ते साध्या शब्दांत सांगितलं. उदयसिंहनं कागद उलटा-सुलटा केला. मग शर्टाची बाही वर सारली. त्याच्या हातावरही तसेच डाग होते.

"साब, मैं खुद खाता हूँ," तो म्हणाला. "मुझे तो सांवेर रोड के गोदाम से बना-बनाया मिलता है. वैद जी का नुस्खा बोल के."

तो खरं बोलत होता का? सुजयला आजही सांगता येत नाही. पण त्या दिवशी अस्मितानं रांगेसमोर उभं राहून विचारलं, की आता काय करायचं ते तुम्ही सांगा. तासभर भांडण झालं. शेवटी ठरलं ते असं. या आठवड्याच्या पुड्या तेवढ्या वाटायच्या, आणि पुढच्या मंगळवारपासून त्याच ओसरीत हॉस्पिटलचं टेबल लागेल. जो येईल त्याला पुडीऐवजी मोजलेली गोळी मिळेल आणि ती महिनोन्‌महिने हळूहळू कमी होईल. दुखण्याचा वेगळा इलाज होईल. नाव कारखान्याला कळणार नाही. उदयसिंह डबा बंद करून शेजारी बसेल, कारण लोक त्याला ओळखतात.

बुधवारी शालिनीताईंचं ऑपरेशन झालं. बीपी एकदा घसरलं आणि इंजेक्शननं वर आलं. चौथ्या दिवशी त्या घरी आल्या.

टेबल लागल्यावर दीड महिन्यानं सुजयनं औषध खात्याला गोदामाचा पत्ता दिला. माणसं पोचली तेव्हा गोदाम धुऊन काढलेलं होतं. कुणीतरी आधीच कळवलं होतं. सुजयला उदयसिंहचा संशय आला, उदयसिंहला अस्मिताचा, आणि कामगारांना हॉस्पिटलचा. खरं काय ते कुणालाच कळलं नाही. एकशे त्रेसष्ट माणसांपैकी टेबलावर एकशे अठरा आली. बाकीच्यांना वाटलं, डॉक्टरनं एकाचं दुकान बंद करून स्वतःचं उघडलं. त्यांतले दोघं कोसळून कॅज्युअल्टीत आले आणि तिथल्या डॉक्टरांना आता काय विचारायचं हे माहीत होतं म्हणून वाचले. एक जण देवासला मुलाकडे गेला होता, तो तिथेच वारला. त्याची बातमी महिन्यानं आली.

रिपोर्ट दोघांनी मिळून लिहिला. निम्म्या वाक्यांवर वाद झाला. शिक्क्याचा परिच्छेद सुजयनं दोनदा खोडला, अस्मितानं दोनदा परत घातला. तिसऱ्या वेळी त्यानं तो ठेवला आणि खाली स्वतः एक ओळ जोडली, की हा शिक्का या अहवालाच्या वैद्यकीय लेखकानेच तयार करवून घेतला होता. अस्मितानं ती वाचली आणि विचारलं, "नक्की?" तो म्हणाला, "आता नका विचारू, नाहीतर पुन्हा खोडेन."

शालिनीताईंच्या गोळ्या कमी होत गेल्या तशी त्यांची दुखणी परत आली. अस्मिता एकदा त्यांना भेटायला गेली. दार त्यांनीच उघडलं, पण आत ये म्हटलं नाही.

"बाई, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं."

"माहीत आहे."

"तुम्ही वाचलात, हे..."

"तेही माहीत आहे. तू चूक केलीस असं मी म्हणत नाही, अस्मिता. पण यापुढे मी तुला काही सांगणार नाही."

अस्मिता म्हणाली, "बरोबर आहे, बाई," आणि जिना उतरली.

पुढच्या मंगळवारी शालिनीताई रिक्षा करून पोलोग्राउंडला गेल्या. सुजयनं घरीच गोळ्या आणून देतो म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. दोन टेबलं होती. एकावर लोकांचं म्हणणं लिहून घ्यायला अस्मिता बसली होती, दुसऱ्यावर सुजय. त्या सुजयच्या रांगेत, पॅकिंगच्या बायकांच्या मागे, पाऊण तास उभ्या राहिल्या. कुणीतरी खुर्ची दिली ती घेतली नाही. त्यांचा नंबर आला तेव्हा सुजयनं कागद बाजूला सारला आणि त्यांच्याकडे बघितलं.

"दर्द कैसा है?" सगळ्यांना विचारून विचारून तोंडात बसलेलं हिंदीच त्याच्या तोंडून निघालं.

"खूप आहे," शालिनीताई मोठ्यांदा म्हणाल्या, मागच्या बायकांनाही ऐकू जाईल असं. "उतरताना जास्त. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला. आणि आज मी सगळं सांगितल्याशिवाय उठणार नाही."

त्या स्टुलावर बसल्या आणि सांगू लागल्या.